आईला आजी दिसते, भावाला आवाज येतात, माझ्या छातीवर कोणीतरी बसतं: या सगळ्यामागे मेंदूच आहे का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. पुढे वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. घर ग्वाल्हेरात, लष्कर भागातलं. एप्रिलमध्ये तुमची आजी गेली. तेव्हापासून आईला पहाटे देवघरापाशी आजी उभी दिसते. धाकटा भाऊ एकोणीस वर्षांचा. गेले तीन महिने तो खोलीत एकटाच बोलतो, शेजारचे भिंतीपलीकडून आपल्यावरच बोलतात म्हणतो, कॉलेज बंद झालंय. तुम्ही मालनपूरच्या कारखान्यात पाळ्यांवर जाता. रात्रपाळी करून दिवसा झोपलात की हातपाय हलत नाहीत, छातीवर वजन येतं आणि दारात कोणी काळं उभं असल्यासारखं वाटतं. मामांचं म्हणणं, तिघांना एकच बाधा आहे, राजस्थानातल्या मेहंदीपूर बालाजीला अर्जी लावू, म्हणजे बाधा उतरावी म्हणून देवापुढे मागणं घालू. एका डॉक्टरांनी ‘डोक्यातलं केमिकल बिघडलंय’ एवढं सांगून भावाला गोळ्या लिहून दिल्या. तुम्ही विचारता, मानसिक आजार आणि असे अनुभव, दोन्हींना शरीरातलं कारण असतं का? असेल तर आईनं पाहिलं ते खोटं धरायचं का?

मी चोवीस वर्षं याच गावात मानसोपचार करते आहे. तुमच्या घरातल्या कोणालाही मी तपासलेलं नाही, त्यामुळे कोणाला काय आहे हे इथून ठरवणार नाही. पण तुमच्या प्रश्नात एक गाठ बसली आहे, ती आधी सोडवायला हवी. मामांनी तिघांना एका दोरीत बांधलं आणि तुम्हीही नकळत तेच केलंत. फक्त ‘बाधा’ काढून ‘मेंदू’ घातलं. मला हे तीन वेगळे अनुभव दिसतात आणि त्यांतल्या एकाचीच मला खरी काळजी वाटते.

सर्वात सोपं तुमचं, म्हणून ते आधी.

झोपेच्या ज्या टप्प्यात ठसठशीत स्वप्नं पडतात, त्या वेळी डोळे पापण्यांआड भराभर फिरत असतात आणि मेंदूच्या बुंध्याकडून स्नायूंना ‘ढिले पडा’ असा निरोप गेलेला असतो. ही सोय आहे. ती नसती तर स्वप्नात धावताना आपण खाटेवरून खाली पडलो असतो. कधी कधी जाग आधी येते आणि स्नायू मागे राहतात. डोळे उघडे, खोली खरी, पण हात उचलत नाही. श्वास चालू असतो, तरी छातीचे स्नायू ढिले असल्यामुळे खोल श्वास घेता येत नाही, म्हणून वजन ठेवल्यासारखं वाटतं. स्वप्न पुरतं संपलेलं नसतं, ते खोलीत सांडतं. त्यातच मेंदूचा भीतीचा भाग जागा होतो आणि दारात कोणीतरी उभं राहतं. काही सेकंद, फार तर दोनचार मिनिटं. याला निद्रा-पक्षाघात म्हणतात. नाव भयंकर असलं तरी पक्षाघाताशी त्याचा संबंध नाही. साधारण शंभरातल्या आठ माणसांना आयुष्यात कधी ना कधी हा अनुभव येतो. अपुरी झोप, बदलत्या पाळ्या आणि उताणं झोपणं यांनी तो वाढतो. तुमच्याकडे तर तिन्ही आहेत.

जपानात याला कानाशिबारी म्हणतात. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर छातीवर बसणारी म्हातारी येते. आमच्या आजोळी मुंजा यायचा, आणि वाड्यातल्या हिंदी बोलणाऱ्या भाडेकरूंकडे चुडैल यायची. भिंत एकच, पण मराठी खोलीत मुंजा आणि पलीकडे चुडैल. लहानपणी मला याचं फार नवल वाटायचं. शरीरातली घडामोड सगळीकडे एकच असते. तिला चेहरा मात्र घरचा मिळतो.

तुमच्यासाठी एवढंच: कुशीवर झोपा, पाळी बदलली तरी झोपेचे तास पुरे करा, आणि तसं झालंच तर सगळं अंग हलवायची धडपड न करता फक्त पायाचा अंगठा हलवायचा प्रयत्न करा. दिवसा आवरेना अशी झोप येत असेल, किंवा खळखळून हसताना गुडघ्यातली ताकद जात असेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवा, तो वेगळा आजार असू शकतो. एरवी हे वेडाचं पहिलं पाऊल नाही.

आता आई. १९७१ साली डेवी रीस नावाच्या डॉक्टरांनी वेल्समध्ये जोडीदार गमावलेल्या २९३ स्त्रीपुरुषांना भेटून विचारलं, गेलेलं माणूस तुम्हाला दिसतं का, ऐकू येतं का, जवळ असल्यासारखं वाटतं का? जवळजवळ निम्म्यांनी हो म्हटलं. बहुतेकांनी तोपर्यंत कोणालाही सांगितलं नव्हतं आणि अनेकांना त्याचा आधारच वाटत होता. माझ्या ओपीडीतही हेच दिसतं. विचारलं नाही तर कोणी बोलत नाही. विचारलं की पदर तोंडाशी नेऊन बाई सांगते, ‘हो, रोज येतात. चहा टाकताना मागं उभे असतात.’ चाळीस वर्षं ज्या माणसाच्या पावलांचा अंदाज घेत मेंदू जगला, तो तेरा दिवसांत तो अंदाज घ्यायचं सोडत नाही. पहाटेचा अंधार, अर्धवट झोप, तीच जागा, तीच वेळ. तुमच्या आईला आजी भिववत नसेल, आई जेवतेखाते, घर बघते, रडते आणि सावरते आहे, तर मी तिला एकही गोळी देणार नाही. तिच्याशी आजीबद्दल बोला. जेवण तुटलं, आजी ‘माझ्याकडे ये’ म्हणून बोलावते असं ती म्हणाली, किंवा महिने उलटूनही दुःख तसंच साचून राहिलं, तर मात्र लगेच दाखवा. आईचं वय जास्त असेल तर डोळेही तपासून घ्या. मोतीबिंदूनं नजर गेलेल्या शहाण्यासुरत्या माणसालाही माणसं, घोडे, नक्षी असं काहीबाही दिसतं. १७६० मध्ये शार्ल बोने यांनी आपल्या आजोबांच्या बाबतीत हे लिहून ठेवलं आणि आज तो प्रकार त्यांच्याच नावानं ओळखला जातो.

‘मग ते खोटं का?’ या तुमच्या प्रश्नावर थांबते, कारण घराघरांत भांडण इथेच लागतं. मुलगा म्हणतो भास आहे, आईला ऐकू येतं तू खोटं बोलतेस. पण अनुभव खोटा नसतोच. आई तुम्हाला देवघरापाशी दिसली काय किंवा आजी आईला दिसली काय, दिसण्याचं काम दोन्ही वेळा मेंदूच करतो. फरक एवढाच की एका वेळी डोळ्यांकडून खबर येते, दुसऱ्या वेळी ती आतूनच तयार होते. २००६ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी अपस्माराच्या एका तरुणीची शस्त्रक्रियेआधीची तपासणी करताना तिच्या मेंदूच्या डाव्या बाजूला, कानाच्या वरमागे, बारीक विद्युत्प्रवाह दिला. तिला लगेच जाणवलं की आपल्या मागे कोणीतरी आहे. ती झोपली की ती सावली झोपायची, ती बसली की सावलीही मागे बसायची. प्रवाह बंद केला की सावली जायची. आपलं शरीर कुठे आहे याचा हिशोब त्या भागात होतो. हिशोब घसरला की आपलंच शरीर दुसऱ्या कोणाचं तरी म्हणून जाणवतं.

म्हणजे ‘जवळ कोणी आहे’ ही जाणीव तयार करायची यंत्रणा आपल्या सगळ्यांत असते. ती का चालू झाली, हे शोधणं माझं काम. आणि कारण दर वेळी मनातच सापडतं असंही नाही.

काही वर्षांपूर्वीची एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून. जानेवारी. ग्वाल्हेरची थंडी तुम्हाला सांगायला नको. जुन्या वाड्यातलं कुटुंब, सुनेला घेऊन आलं होतं. रात्री माडीवर पावलं वाजतात, कोणी नावानं हाक मारतं, छाती धडधडते, डोकं फुटतं. माहेरी गेली की दोन दिवसांत ठणठणीत, सासरी आली की पुन्हा सुरू. घरच्यांच्या दृष्टीनं निकाल लागला होता: वाडाच बाधलेला. मी विचारलं, डोकं आणखी कोणाचं दुखतं? सासूबाई म्हणाल्या, सकाळी सगळ्यांचंच जड असतं, सासऱ्यांना मळमळतंही. झोपता कुठे? सगळे मधल्या खोलीत. सासऱ्यांना खोकला, म्हणून खिडक्यांच्या फटींना खळ लावून वर्तमानपत्रं चिकटवलेली, आणि खोलीच्या मध्यभागी दगडी कोळशाची सिगडी रात्रभर. अर्धवट जळणाऱ्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तातल्या प्राणवायूची जागा तो घेतो. आधी डोकं दुखतं, मग भास होतात, आणि वाढला तर माणूस झोपेतच जातो. त्याच संध्याकाळी सिगडी अंगणात काढायला लावली, खिडक्या उघडल्या. आठवडाभरात पावलं थांबली. १९२१ साली अमेरिकेत डोळ्यांच्या एका डॉक्टरांनी जवळजवळ अशीच गोष्ट छापली होती. तिथे तळघरातली भट्टी बिघडलेली निघाली. तेव्हापासून दर हिवाळ्यात प्रत्येक ‘बाधलेल्या’ घराच्या माणसांना मी सिगडीचं विचारते. तुम्हीही आज रात्री बघून घ्या.

तशीच बाकीची कारणं. म्हाताऱ्या माणसाला अचानक संध्याकाळी भिंतीवर किडे किंवा खोलीत परकी माणसं दिसू लागली, तर आधी लघवीतला जंतुसंसर्ग आणि रक्तातलं सोडियम बघायचं. थायरॉइड, ब१२ची कमतरता (आपल्या शाकाहारी घरांत ती सर्रास सापडते), अपस्मार, स्टेरॉइडच्या गोळ्या, गांजा, भांग. धोतऱ्याच्या बिया पोटात गेल्या तर माणूस हवेतल्या हवेत वस्तू उचलायला लागतो, नसलेल्या माणसांशी बोलतो.

आता भाऊ. मला काळजी वाटते ती याची.

मी ‘काय दिसलं, काय ऐकू आलं’ याला फार वजन देत नाही. त्याच्या सोबत काय आलं ते बघते. तुमच्या आईसोबत दुःख आलंय आणि बाकी आयुष्य जागेवर आहे. तुमच्यासोबत फक्त झोपेची वेळ आली आहे. भावासोबत मात्र बरंच काही आलंय: पूर्ण जागेपणी आवाज, तेही रोज, तीन महिने, ‘माझ्यावरच बोलतात’ ही पक्की खात्री, मित्र तुटले, कॉलेज सुटलं, आंघोळही राहते म्हणता. वय एकोणीस. स्किझोफ्रेनियासारखे आजार बहुधा याच वयात, विशीच्या अलीकडे-पलीकडे सुरू होतात. शंभरात सुमारे एकाला. तोच आजार आहे असं मी म्हणत नाही. उदासीनता, उन्माद, नशा, मेंदूचा दुसरा कुठला विकार यांतही असं होतं. पण थांबून बघू, असं म्हणायची ही वेळ नव्हे.

आवाज कसे येतात? आपण सगळेच दिवसभर स्वतःशी मनात बोलतो. बोलताना मेंदू आतल्या आत एक नोंद करतो की हे माझं आहे. या नोंदीमुळेच स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत, कारण हात माझाच आहे हे मेंदूला आधीच कळलेलं असतं. ज्यांना आवाज ऐकू येतात त्यांच्यात ही नोंद कच्ची पडत असावी, असा एक मजबूत अंदाज आहे. मग मनातलंच वाक्य बाहेरून आल्यासारखं कानी पडतं. १९९३ मध्ये लंडनमधल्या संशोधकांनी आवाज चालू असतानाच मेंदूची छायाचित्रं घेतली, तेव्हा बोलण्याचं काम करणारा भाग कामाला लागलेला दिसला. त्याच्या जोडीला डोपामिन. हे द्रव्य एखाद्या गोष्टीवर ‘हे महत्त्वाचं, लक्ष दे’ असा शिक्का मारतं. ते भलत्या वेळी सुटू लागलं की शेजाऱ्याचं खोकणंही आपल्यासाठीच केलेली खूण वाटू लागते. १९५२ मध्ये पॅरिसमध्ये क्लोरप्रोमॅझिन हे औषध पहिल्यांदा अशा रुग्णांना दिलं, तेव्हा ते का लागू पडतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. ते डोपामिनची वाट अडवतं, हे पुढे कळलं.

तरीही ‘केमिकल बिघडलंय’ हे वाक्य मला अपुरं वाटतं. डोपामिन मोजून निदान करता येईल अशी रक्ताची चाचणी नाही. एमआरआयमध्ये स्किझोफ्रेनिया दिसत नाही. एमआरआय केला जातो तो दुसरं काही नाही ना हे बघण्यासाठी. आनुवंशिकता नक्की आहे, पण ती कपाळी लिहिलेली नाही. एकाच बीजातून झालेल्या जुळ्यांपैकी एकाला हा आजार असला तरी दुसऱ्याला तो होण्याची शक्यता निम्म्याच्या आतबाहेर असते. गुणसूत्रं सगळी सारखी असूनही. उरलेल्या निम्म्यात गर्भातलं पोषण, लहानपणचे आघात, गांजा, एकटेपण असं बरंच येतं. तुम्ही सख्खे भाऊ आहात, तुमचा धोका चारचौघांपेक्षा जास्त आहे हे खरं, पण तुम्हाला तो होणार नाही याचीच शक्यता कितीतरी मोठी आहे. तुमचा मनातला प्रश्न हाच होता ना? म्हणून स्पष्ट लिहिलं.

आणि आवाज काय बोलतात, ते शरीरावरून ठरत नाही. टान्या लुहरमन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी कॅलिफोर्निया, घानामधलं अक्रा आणि आपलं चेन्नई इथल्या रुग्णांना त्यांच्या आवाजांबद्दल विचारलं. अमेरिकेतल्या रुग्णांना बहुधा अनोळखी, हिंसक आवाज ऐकू यायचे. चेन्नईत पुष्कळांना घरच्यांचे: आंघोळ कर, स्वयंपाक कर, असा टोमणा किंवा ओरडा. तुमचा भाऊ कोणाचे आवाज ऐकतो, काय ऐकतो, हे त्याला प्रेमानं विचारा. त्याला एकटं कमी वाटेल आणि डॉक्टरांनाही उपयोग होईल. आवाज ‘स्वतःला संपव’ किंवा ‘अमक्याला मार’ असं सांगत असतील, तर अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

एक चूक माझ्या पदरात आहे, ती सांगायलाच हवी. बऱ्याच वर्षांपूर्वी एक मुलगी आणली होती. दहा दिवसांत वागणं पार बदललेलं, झोप नाही, देवीशी बोलणं, मध्येच तासन्‌तास पुतळ्यासारखं बसणं. लग्न मोडलं होतं. मला धागा जुळल्यासारखा वाटला, मनाला धक्का बसलाय असं धरून उपचार सुरू केले. सुरुवातीला तीन दिवस ताप येऊन गेला होता, तो माझ्याच कागदावर लिहिलेला होता आणि मी त्यावरून पुढे गेले. आठवड्यानं ओठांची विचित्र हालचाल सुरू झाली, मग झटका आला. मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. पाठीच्या पाण्यात अँटिबॉडी सापडल्या. तिच्याच शरीरातली संरक्षक यंत्रणा मेंदूतल्या पेशींवर निरोप टिपणाऱ्या एका जागेवर (रिसेप्टरवर) हल्ला करत होती, आणि मूळ होतं अंडाशयातल्या गाठीत. हा आजार २००७ मध्ये योसेप दालमाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखला. गाठ काढली, उपचार झाले, काही महिन्यांनी ती चालत माझ्यासमोर आली. तिची आई म्हणाली, देवीनं सोडलं. मी हो म्हटलं. पण त्या आठवड्याची आठवण मला अजून सोडत नाही. म्हणून तुमच्या भावाच्या बाबतीत ताप, डोकेदुखी, झटका, अंग ताठणं, भान कमीजास्त होणं यांतलं काहीही असेल, तर ते डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा.

बालाजीचं विचारलंत. माझ्या रुग्णांपैकी बरेच जण मेहंदीपूरला जाऊन आलेले असतात, कित्येकांना तिथे ‘पेशी’ आलेली असते, म्हणजे देवापुढे अंगात आलेलं असतं. नवरात्रात आपल्याकडे अंगात येतंच. ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी येऊन उतरतं आणि बाई घरी जाऊन पोळ्या लाटते, त्याला मी आजार म्हणत नाही. कधीकधी घरात ज्या सुनेचा आवाज कोणी ऐकत नाही, तिचा त्या अर्ध्या तासात ऐकला जातो. ते सतत, नको असताना, काम बंद पाडून होऊ लागलं तर आजाराच्या बाजूला जातं. तेव्हा मामांची श्रद्धा मोडायला जाऊ नका. अर्जी लावायची तर लावू द्या. दोन गोष्टींवर मात्र अडून बसा: गोळी एक दिवसही चुकायची नाही, आणि उपास, मारहाण, मिरचीची धुरी, साखळी यांतलं काहीही भावाला लागू द्यायचं नाही. तमिळनाडूतल्या एरवाडीच्या दर्ग्याजवळ मनोरुग्णांना ठेवायच्या एका जागेला २००१ च्या ऑगस्टमध्ये आग लागली, तेव्हा साखळदंडांनी बांधलेल्या रुग्णांना पळता आलं नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं कोणालाही असं बांधणं बेकायदा ठरवलं आहे.

बाहेरचं काही असतं का, हेही तुम्ही विचारलं आहे. या चोवीस वर्षांत माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही रुग्णासाठी मला ते गृहीत धरावं लागलं नाही. कारण सापडलं नाही असे रुग्ण आहेत. पण सापडलं नाही म्हणजे बाहेरचं, असा अर्थ मी काढत नाही. शोध अपुरा राहिला, असंच मानते. १९१३ पर्यंत वेड्यांच्या इस्पितळांतल्या कित्येकांच्या वेडाचं कारण कोणाला ठाम सांगता येत नव्हतं. त्या वर्षी नोगुची आणि मूर यांना अशा रुग्णांच्या मेंदूत उपदंशाचे जंतू सापडले.

तेव्हा या आठवड्यात भावाला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या. ग्वाल्हेरात मानसिक आरोग्यशाळा आहे, मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयातही विभाग आहे. रात्री-अपरात्री अडलात तर १४४१६ वर, ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करा, तो मोफत आणि चोवीस तास आहे. आधीच्या डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चालू असतील तर आपल्या मनानं बंद करू नका. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. अंग कडक होणं, सुस्ती, वजन वाढणं असं झालं तर मात्रा किंवा औषध बदलता येतं, तेही सांगा. आवाज खरे की खोटे यावर त्याच्याशी वाद घालू नका. ‘मला ऐकू येत नाहीत, पण तुला येतात आणि तू घाबरला आहेस हे दिसतंय’ एवढं म्हणा. आणि जाताना आईला सोबत न्या. हे सगळं नेमकं कोणत्या दिवशी सुरू झालं, त्याआधी ताप होता का, झोप कधी उडाली, हे तुम्ही पाळीवर असताना तिनंच पाहिलेलं असणार.